डाइव्ह कॉम्प्युटरची स्क्रीन पाण्याखाली वाचता येते का, हे विकत घ्यायच्या आधी आणि नंतर कसं तपासायचं

डाइव्ह कॉम्प्युटर, म्हणजे पाण्याखाली खोली, वेळ आणि अजून किती राहता येईल ते दाखवणारं मनगटावरचं यंत्र, घेताना आपण काय काय बघतो, अल्गोरिदम कुठला, नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनची हवा) चालतं का, टँकचं प्रेशर पाठवणारा ट्रान्समीटर जोडता येतो का, बॅटरी किती टिकते, किंमत किती. स्क्रीन बघतो ती दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली किंवा मोबाइलवर फोटोत, आणि तिथे सगळ्याच स्क्रीन छान दिसतात. मग एक दिवस गढूळ पाण्यात सोळा-सतरा मीटरवर मनगट डोळ्यासमोर आणायचं आणि आकडा काही कळायचाच नाही, असं होतं.

माझ्या बाबतीत झालं ते गोव्याला ग्रँड आयलंडच्या बाजूला. पाण्यात प्लँक्टन भरपूर, व्हिजिबिलिटी जेमतेम तीन मीटर, आणि माझ्या कॉम्प्युटरवर खोली १६.३ की १८.३ हे मला ठरवता येईना, एनडीएलचा (वर येताना सक्तीचे थांबे न लागता त्या खोलीवर अजून किती मिनिटं राहता येईल, त्याचा) आकडा तर कोपऱ्यात बारीक होता तो सोडूनच द्या. बडी, म्हणजे डाइव्हचा जोडीदार, साधारण मीटरभर लांब होता, त्याने स्वतःचं मनगट माझ्याकडे वळवलं आणि गंमत बघा, त्याची स्क्रीन मला लगेच वाचता आली. वर आल्यावर मी म्हटलं आता नवीन कॉम्प्युटर घ्यायचा. पण बोटीवर बसल्यावर बडीनेच विचारलं की माझी स्क्रीन तुला मीटरभर लांबून दिसली आणि तुझी स्वतःची हातभर अंतरावरून दिसली नाही, असं का? दोघांचं मॉडेल एकच होतं! म्हणजे दोष स्क्रीनचा अर्धा आणि माझ्या चाळिशीचा अर्धा. तेव्हापासून कुणी मला "कुठली स्क्रीन चांगली" विचारलं की मी आधी डोळ्यांपासून सुरुवात करायला सांगतो, म्हणून हा लेखही तिथूनच.

पायरी १ : आधी डोळा, मग स्क्रीन

सपाट काचेच्या मास्कमधून पाण्यातली वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी दिसते आणि खऱ्या अंतराच्या पाऊण अंतरावर असल्यासारखी दिसते, कारण पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे. हे आपण सगळे कोर्समध्ये शिकलोय. पण त्यातलं "मोठी दिसते" एवढंच लक्षात राहतं आणि "जवळ दिसते" हे विसरतो. मनगट ४० सेंटीमीटरवर धरलं तर डोळ्याला ते ३० सेंटीमीटरवर फोकस करावं लागतं. विशी-तिशीत याने काही फरक पडत नाही, पण पंचेचाळिशीच्या माणसाला जो पेपर ४० वर कसाबसा वाचता येतो तो ३० वर धूसर होतो, आणि आकडा मोठा दिसल्याचा फायदा धूसरपणात वाहून जातो.

याचा एक फार सोपा उपयोग आहे. पाण्यात ४० सेंटीमीटरवर जे दिसणार ते जमिनीवर ३० सेंटीमीटरवर धरून बघायचं, ऑप्टिक्सच्या हिशोबाने दोन्ही जवळजवळ सारखंच. फूटपट्टी घ्या, चष्मा काढा (डाइव्हला जे घालत नाही ते इथेही घालायचं नाही, नंबरचा मास्क वापरत असाल तर तो घाला), आणि कॉम्प्युटर डोळ्यापासून ३० वर धरा. आकड्यांच्या कडा तुटक किंवा दुहेरी दिसल्या तर जगातली महागात महाग स्क्रीन घेऊन सुद्धा प्रश्न अर्धाच सुटेल. मग ४५ वर धरा, म्हणजे पाण्यातले ६० सेंटीमीटर, हात जवळजवळ सरळ केल्यावर येतं तेवढं अंतर. इथे कडा स्वच्छ झाल्या तर तुम्हाला लांब धरून वाचायची सवय करावी लागेल, आणि लांब धरायचं म्हणजे आकडे मोठे हवेत.

उपाय स्वस्तात आहे. मास्कच्या काचेला आतून खालच्या बाजूला चिकटवायच्या मऊ रीडिंग लेन्स मिळतात, पाण्याच्या थेंबावर चिकटतात, आणि खाली वाचायच्या नंबरची काच असलेले मास्कही मिळतात. तुमच्या चाळिशीचा नंबर साधारण ४० सेंटीमीटरसाठी काढलेला असतो, त्यामुळे पाण्यात त्याच नंबरने वाचायचं तर मनगट ५०-५५ सेंटीमीटरवर धरावं लागतं. जवळ धरायची सवय असेल तर अर्धा नंबर जास्त लागू शकतो, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना "पाण्यात अंतर पाऊण होतं" असं सांगून विचारून घ्या. आणि ज्यांना लांबचं कमी दिसतं, म्हणजे मायनस नंबर, त्यांनी नंबरचा मास्क घ्यायच्या आधी बिननंबरच्या मास्कने स्क्रीन वाचून बघा. मायनस दोनच्या आसपासच्या माणसाला चाळिशीनंतरही नुसत्या डोळ्याने मनगट मस्त दिसतं आणि पूर्ण नंबर घातल्यावर दिसायचं बंद होतं. अशांना नंबर थोडा कमी ठेवलेली काच जास्त सोयीची पडते.

पायरी २ : तुम्हाला नक्की काय वाचायचंय ते कागदावर लिहा

स्क्रीनवर पंधरा गोष्टी असतात. खाली असताना लागतात त्या चार, खोली, एनडीएल (किंवा डेको असेल, म्हणजे वर येताना थांबणं सक्तीचं झालं असेल, तर तो स्टॉप), डाइव्हचा वेळ, आणि वर येताना वेग. टँकचं प्रेशर मनगटावर येत असेल तर पाचवी. पाण्याचं तापमान, घड्याळ, बॅटरीचं चित्र, कंपास, हे सगळं सावकाश बघितलं तरी चालतं.

कुठलीही स्क्रीन बघताना एवढंच विचारायचं की या चार गोष्टी एकाच पानावर, बटण न दाबता, मोठ्या आकड्यात आहेत का. खोलीचा आकडा सगळेच मोठा देतात. फसवणूक होते ती एनडीएलमध्ये, कारण काही स्क्रीनवर तो खोलीच्या निम्म्या उंचीचा असतो आणि शेजारी वेळेचा तेवढाच आकडा, दोन्ही मिनिटांत. थकलेला, थंडी वाजणारा, ३० मीटरवर नार्कोसिसने (खोलीवर नायट्रोजनमुळे येणाऱ्या गुंगीने) थोडा मंद झालेला माणूस "२४" वाचतो आणि ते गेलेली मिनिटं आहेत की उरलेली हे दोन क्षण कळत नाही. जागा, लेबल आणि आकार या तिन्हींनी हे दोन आकडे वेगळे असायला पाहिजेत. मला विचाराल तर स्क्रीनच्या चकचकीतपणापेक्षा हे दहापट महत्त्वाचं.

पायरी ३ : स्क्रीनची जात ओळखा

बाजारात ढोबळमानाने चार जाती आहेत.

पहिली, कॅल्क्युलेटरसारखी सेगमेंटवाली एलसीडी. क्रेसीचा लिओनार्डो, सुंटोचा झूप नोवो या घरातले. क्रेसीचं एक घड्याळाएवढं मॉडेल तर चक्क "गोवा" नावाचं आहे. यांना स्वतःचा उजेड नाही, बाहेरचा उजेड परत फेकून आकडे दिसतात, म्हणून बोटीवर भर उन्हात एक नंबर, पाच मीटरवर एक नंबर, आणि उजेड कमी झाला की बॅकलाइटचं बटण दाबावं लागतं. बॅटरी मात्र भरपूर चालते आणि नाण्यासारखा सेल बदलता येतो. यांचा खरा दोष म्हणजे सात दांड्यांचे आकडे. एक दांडी कमी दिसली की ८ चा ६, ९ किंवा ० होतो, माझं सोळा-अठराचं तेच झालं होतं.

दुसरी, एमआयपी, म्हणजे बाहेरच्या उजेडावर चालणारी पण पिक्सेलवाली. सुंटो डी५, मारेसचा सिरियस, गार्मिनचा डिसेंट एमके२ (२०२० चा). उन्हात उत्तम, आकडे छापल्यासारखे स्वच्छ, पण रंग फिकट आणि गढूळ पाण्यात बॅकलाइट लागतोच, तो डाइव्हभर चालू राहील असं सेटिंग आहे का ते बघून घ्या.

तिसरी, सतत मागून उजेड असलेली रंगीत एलसीडी. शिअरवॉटरचे पर्डिक्स आणि पेरेग्रिन, स्कूबाप्रोचा जी२. पर्डिक्स २ आणि पेरेग्रिन दोघांची स्क्रीन २.२ इंच, ३२० बाय २४० पिक्सेल. मोबाइलच्या हिशोबाने हे पिक्सेल काहीच नाहीत, आणि तरी टेक्निकल डाइव्हर वर्षानुवर्षं यावर विश्वास टाकतात, कारण काळ्या पार्श्वभूमीवर जाड आकडे आणि प्रत्येक आकड्याची जागा ठरलेली. ज्यांना पिक्सेल मोजून कॉम्प्युटर घ्यायचाय त्यांनी हे उदाहरण डोक्यात ठेवावं.

चौथी अमोलेड, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा उजेड असलेली. शिअरवॉटर टेरिक, टर्न आणि पेट्रेल ३, गार्मिन एमके३ (२०२३ चा), सुंटो ओशन, आणि अॅपल वॉच अल्ट्रासुद्धा याच जातीचं. काळा एकदम काळा, त्यामुळे गढूळात आणि रात्री कॉन्ट्रास्ट जबरदस्त, तिरकं बघितलं तरी दिसतं. पण गोल घड्याळाच्या आकाराचे बघाल तर स्क्रीन १.२ ते १.४ इंच, पेट्रेल ३ ची २.६ इंच. कॉन्ट्रास्ट कितीही असो, सव्वा इंचात चार आकडे बसवायचे तर ते बारीकच होणार. आणि बघा, एमके२ आणि एमके३ नावात एका आकड्याचा फरक, पण स्क्रीनची जातच वेगळी, म्हणून सेकंडहँड घेताना नाव नीट वाचा.

पायरी ४ : फूटपट्टीने मोजा

हे कुणी करत नाही आणि पाच मिनिटांचं काम आहे. कॉम्प्युटर डाइव्ह मोडच्या पानावर आणा (बऱ्याच मॉडेलमध्ये डेमो किंवा सिम्युलेशन असतं, नसेल तर मॅन्युअलमधलं चित्र स्क्रीनच्या खऱ्या मापाला प्रिंट करा) आणि आकड्यांची उंची मिलिमीटरमध्ये मोजा. खोली, एनडीएल, वेळ, तिन्ही वेगवेगळे.

डॉक्टरकडच्या तक्त्यावर ६/६ च्या ओळीतलं अक्षर डोळ्याशी ५ कलांचा (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कोन करतं, ४० सेंटीमीटरवर ते जेमतेम ०.६ मिलिमीटर होतं. म्हणजे निरोगी डोळा स्वच्छ उजेडात मिलिमीटरभराचा आकडा वाचू शकतो. पण ती परीक्षा आहे, डाइव्ह नाही. गाळात कॉन्ट्रास्ट पडतो, मास्कवर धुकं, हात हलतोय, लक्ष बडीकडे. माझा स्वतःचा नियम असा की खोली आणि एनडीएल ७ मिलिमीटरच्या खाली नको, वेळ ५ च्या खाली नको, आणि लेबलं ३ मिलिमीटरपेक्षा बारीक असतील तर ती नाहीतच असं धरायचं. तुमचे डोळे तरुण असतील तर याच्या दोन तृतीयांशात भागेल.

मोजताना आकड्याची जाडीही बघा. उंच पण बारीक रेषेचा आकडा गढूळात सगळ्यात आधी विरघळतो.

पायरी ५ : एका नजरेची टेस्ट

दोन माणसं लागतात. एकाने कॉम्प्युटर धरायचा, सिम्युलेशनमध्ये आकडे बदलत ठेवायचे, दुसऱ्याने डोळे मिटून बसायचं. "बघ" म्हटलं की डोळे उघडून एक सेकंद बघायचं, परत मिटायचे आणि खोली व एनडीएल सांगायचं. दहा वेळा करा, किती चुकले लिहा. मग कॉम्प्युटर ४५ अंश तिरका धरून तेच, कारण पाण्यात मनगट कधी सरळ समोर येत नाही, कॅमेरा किंवा रीफ हुक हातात असेल तर तिरकंच बघितलं जातं. सिम्युलेशन नसेल तर दुकानात दोन-तीन स्थिर पानांवर सुद्धा चालेल, फक्त आकडे आधी बघायचे नाहीत.

पायरी ६ : बादली, दूध आणि टॉर्च

ही माझी सगळ्यात आवडती टेस्ट आणि कॉम्प्युटर हातात असेल तर घरी अवश्य करा. मोठी बादली किंवा पिंप, स्वच्छ गोडं पाणी. कॉम्प्युटर तळाशी ठेवा, मास्क घालून काच पाण्याला टेकवा (तोंड बाहेर, श्वास चालू, त्यामुळे घाई नाही) आणि वाचा. डोळा-काच-पाणी सगळं खऱ्या डाइव्हसारखं. मास्क टेकवताना काचेखाली हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर सगळं वेडंवाकडं दिसतं.

आता दूध. पाव-पाव चमचा घालत जा, ढवळा, आणि प्रत्येक वेळी वाचून बघा. पाणी पांढुरकं होत जातं, मालवणला उधाणानंतर होतं तसं, आणि एक एक करून आकडे जायला लागतात. आधी लेबलं जातात, मग बारीक आकडे, शेवटी खोली. दोन कॉम्प्युटर असतील तर दोन्ही शेजारी ठेवा, कुठला कितव्या चमच्याला हरला ते लिहा. मित्रांचे कॉम्प्युटर गोळा करून एका संध्याकाळी चार-पाच मॉडेल बघून होतात. माती वापरू नका, काचेवर चरे पडतात.

मग बाथरूमचा दिवा बंद. सेगमेंटवाल्याला बॅकलाइट लावा, किती सेकंदांनी विझतो ते मोजा, ओल्या हाताने, ग्लव्ह्ज वापरत असाल तर ते घालून, बटण सापडतं का बघा. डाइव्हच्या घड्याळांसाठीचं आयएसओ ६४२५ हे मानक अंधारात २५ सेंटीमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे असं म्हणतं. काट्यांच्या घड्याळाला एवढं जमतं तर कॉम्प्युटरकडून आपण जास्तच अपेक्षा करूया, ४० वरून वाचा.

शेवटी टॉर्च. दुधाळ पाण्यात समोरून टॉर्च मारला की स्वतःचा उजेड असलेली स्क्रीन उलट धुवून निघते, उजेड कणांवरून परत येतो आणि काचेवर चमक मारतो. सेगमेंटवाल्याला मात्र बाजूने तिरका टॉर्च मारला तर बॅकलाइटपेक्षाही चांगलं दिसतं. नाइट डाइव्हला हे माहीत असणं फार उपयोगी. झालं की कॉम्प्युटर आणि मास्क गोड्या पाण्याने खळखळून धुवा, दूध बटणांच्या फटीत राहिलं तर वास मारतं.

पायरी ७ : रंग

खोलीवर लाल रंग आधी जातो हे खरं, पण तो वरून येणाऱ्या सूर्याच्या उजेडातला लाल. स्क्रीन स्वतः लाल उजेड टाकत असेल तर त्याला डोळ्यापर्यंत अर्धा मीटरच पाणी कापायचंय, तो ३० मीटरवरही लालच दिसतो. याउलट सेगमेंटवाल्या कॉम्प्युटरच्या चौकटीवर छापलेली लाल पट्टी १०-१२ मीटरवर करडी-काळपट दिसायला लागते. म्हणून छापलेल्या रंगावर कधी विसंबू नका.

रंगीत स्क्रीनवर पांढरा, पिवळा आणि हिरवा काळ्यावर छान उठतात, गडद निळा जवळजवळ दिसत नाही, आपल्याकडच्या हिरवट पाण्यात तर नाहीच. ज्यांना लाल-हिरवा वेगळा ओळखता येत नाही त्यांनी इशारा फक्त रंग बदलून येतो की आकडा लुकलुकतो, उलटा होतो, शब्द येतो, हे मॅन्युअलमध्ये शोधून काढा. कितीतरी जणांना आपल्याला रंग कमी ओळखू येतात हे माहीतच नसतं, एकदा तपासून घ्या.

पायरी ८ : समुद्रात

तारकर्ली-मालवणचं उथळ पाणी यासाठी उत्तम, सीझन साधारण ऑक्टोबर ते मे. नेत्राणी किंवा हॅवलॉकच्या निळ्या पाण्यात सगळ्याच स्क्रीन पास होतात, तिथे तुलना करून काही कळत नाही.

बोटीवरच सुरुवात करा. पोलराइज्ड गॉगल घालून स्क्रीन बघा आणि मनगट गोल फिरवा, काही कोनांत स्क्रीन काळी पडते, घाबरू नका, गॉगल काढा. खाली गेल्यावर ५ मीटरवर आणि मग १०-१२ मीटरवर, तरंगत स्थिर झाल्यावर, दोघा बडींनी एकमेकांना खूण करून एकेक नजर टाकायची आणि स्लेटवर आकडा लिहायचा, मग सावकाश बघून बरोबर होता का ते पडताळायचं. सूर्य पाठीशी घेऊन आणि समोर घेऊन दोन्ही वेळा. ही टेस्ट खोल डाइव्हला, करंटमध्ये किंवा नवीन जागी करू नका, आणि इन्स्ट्रक्टरला आधी सांगून ठेवा. दोघांपैकी एकाकडे नेहमीचा भरवशाचा कॉम्प्युटर पाहिजेच.

सगळ्यात महत्त्वाची नोंद ५ मीटरच्या सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येताना थोडं थांबतो तिथे. लाटेने शरीर वरखाली होतं, उजेड काचेवर नाचतो, आणि नेमकं तेव्हाच तीन मिनिटांची उलटी गिनती व अर्ध्या मीटरचा फरक वाचायचा असतो. इथे चकचकीत काच फार त्रास देते. हाताच्या सावलीत आणून वाचता येतं का बघा.

आणि पट्टा. खोलीवर वेटसूट दबतो, वर घट्ट वाटलेला पट्टा खाली सैल होतो आणि कॉम्प्युटर मनगटाच्या आतल्या बाजूला फिरतो. बंजीवाला पट्टा लावला की तो स्वतः आवळत जातो. "स्क्रीन दिसत नाही" म्हणणाऱ्या एका मित्राचं दुखणं एवढ्यानेच गेलं.

कुणी काय घ्यावं

चाळिशी ओलांडलेली आणि कोकण-गोव्यात जास्त डाइव्ह करणारी मंडळी असाल तर २.२ इंच किंवा मोठी, स्वतःचा उजेड असलेली स्क्रीन घ्या, मनगटावर वीट बांधल्यासारखी दिसली तरी चालेल. बजेट कमी असेल तर मोठ्या आकड्यांचा सेगमेंटवाला आणि मास्कमध्ये रीडिंग लेन्स, ही जोडी कितीतरी महागड्या घड्याळांना हरवते. रोज घालायचं घड्याळच हवं असेल तर अमोलेड घ्या, पण सेटिंगमध्ये मोठ्या आकड्यांचं पान निवडा आणि ब्राइटनेस ऑटोवर ठेवून पाण्यात उतरू नका, बादलीत कुठला ब्राइटनेस पुरला तो लिहून ठेवलाय तोच लावा. ब्राइटनेस वाढला की बॅटरी पटापट उतरते, म्हणून दिवसाला तीन डाइव्ह असतील तर रात्री चार्जिंगला लावणं आलंच. बोटीवर प्लग नसतो, तिथे पर्डिक्सची बाजारात कुठेही मिळणारी एए बॅटरी फार कामाला येते.

घेतल्यावर पहिल्याच दिवशी स्क्रीन प्रोटेक्टर लावा, पण आत बुडबुडा राहिला तर काढून परत लावा, कारण जमिनीवर न दिसणारा बुडबुडा पाण्यात चांदीसारखा चमकतो. आणि बादलीच्या टेस्टचा कागद जपून ठेवा, तारीख आणि चमचे लिहून. दर वर्षी सप्टेंबरअखेरीस, सीझन सुरू व्हायच्या आधी, त्याच बादलीत त्याच मास्कने परत वाचून बघा. चमचे कमी झाले तर आधी काचेवरचे चरे बघा, मग बॅटरी, आणि दोन्ही ठीक असतील तर डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्या.